दारूबंदीची सरकलेली वेस: नांदेड-लातूरच्या वास्तूंकडे नव्याने पाहताना

नांदेड किंवा लातूरच्या इतिहासावरचं कोणतंही स्थानिक पुस्तक उघडलं, तर त्यातले टप्पे ठरलेले असतात. राष्ट्रकूट, यादव, बहमनी, निजाम, मग हैदराबाद मुक्तिसंग्राम. तिथून लेखक एकदम शिक्षणसंस्था, साखर कारखाने आणि १९९३ च्या भूकंपावर येतो. मधली काही वर्षं अशी आहेत की त्यांच्या वाट्याला दोन ओळीसुद्धा येत नाहीत. या भागात दारूबंदी लागू होती, ती ही वर्षं. हजारो लोकांवर खटले झाले, कैक कुटुंबांची रोजीरोटी एका कायद्याने बदलली, तरी शहरांच्या मानाच्या वास्तूंबद्दल लिहिताना या काळाची आठवण कोणाला होत नाही.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी दारूबंदी होती. शिकागो आणि न्यूयॉर्कमध्ये त्या काळच्या चोरट्या दारूगुत्त्यांच्या इमारती आजही अभिमानाने दाखवल्या जातात. मुंबईच्या दारूबंदीलाही वांद्र्याच्या 'आंटीं'चे अड्डे, परमिट रूम आणि सिनेमातले प्रसंग यांमुळे एक ओळखीचा चेहरा मिळाला. मराठवाड्याच्या दारूबंदीला असा चेहरा नाही. इथल्या हातभट्ट्या नदीकाठी, ओढ्यात, गायरानात लागत, त्यामुळे मागे वास्तू उरण्याचा प्रश्नच नव्हता. त्यावरून या विषयाला इमारतीच नाहीत असं मानलं गेलं, आणि मला ते साफ चुकीचं वाटतं. इमारती आहेत. त्या स्टेशनं, नाके, कोर्ट, सरकारी दवाखाने आणि बाजारपेठा आहेत, आणि त्या उमजायच्या तर आधी नकाशा समोर घ्यावा लागतो. मराठवाड्यातल्या दारूबंदीची खरी गोष्ट एका वेशीची आहे. १९५९ साली ही वेस लातूरच्या पश्चिमेकडून उचलली गेली आणि नांदेडच्या पूर्वेला जाऊन बसली.

सुरुवात निजामाच्या आबकारीपासून करायला हवी. हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीत जमीन महसुलाबरोबर मोठा वाटा आबकारीचा आणि करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा होता. १३१६ फसलीचा, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने १९०६-०७ च्या सुमाराचा, हैदराबाद आबकारी कायदा हा या सगळ्या कारभाराचा पाया होता. शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाला सरकारी परवान्याशिवाय छेद देता येत नसे. विक्रीचे हक्क लिलावाने गुत्तेदाराकडे जात. मराठवाड्यात आजही रस्त्याचं किंवा पुलाचं काम घेणाऱ्याला लोक गुत्तेदारच म्हणतात, इतकी ती पद्धत इथल्या व्यवहारात मुरली. गुत्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि ती गावातून वसूल करायची, असा हा मामला होता. त्यामुळे गाव जितकं जास्त पिईल तितकं सरकारचं आणि गुत्तेदाराचं भलं होई. नांदेडचा पूर्व भाग, म्हणजे बिलोली, देगलूर, धर्माबादकडचा पट्टा, तेलंगणाला लागून असल्याने तिथे शिंदी आणि ताडी रोजच्या खाण्यापिण्यातली होती. किनवटच्या जंगलात मोह होता. लातूरकडे शिंदीची झाडं ओढ्याकाठी.

लातूरची गंजगोलाई याच आबकारी राज्यात, १९१७ साली उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही दुमजली वर्तुळाकार इमारत, मध्यभागी अंबाबाईचं मंदिर आणि भोवतीने येऊन मिळणारे सोळा रस्ते. मराठवाड्यात असा नियोजित बाजार क्वचितच सापडतो. गोलाईबद्दल लिहिणारे तिच्या आखणीचं कौतुक करून थांबतात. ती त्या जागी का आली, हे विचारलं की बार्शी लाइट रेल्वेचं नाव घ्यावं लागतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची ही अडीच फुटी अरुंद गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. त्यानंतर लातूरचा कापूस, गळिताची धान्यं, डाळी आणि गूळ थेट इंग्रजी मुलखात उतरू लागले. गोलाई हे त्या रेल्वेने लातूरला आलेल्या बरकतीचं फळ आहे. आपल्या विषयासाठी महत्त्वाचं एवढंच की या गाडीचं एक टोक निजामाच्या राज्यात होतं आणि दुसरं मुंबई इलाख्यात. पुढे चाळीस वर्षांनी हा फरक दारूच्या बाबतीत फार मोठा ठरला.

त्याआधी मुक्तिसंग्राम आला. या संग्रामाची एक बाजू आपण पुरेशी सांगत नाही. १९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात जंगल सत्याग्रह झाला, करोडगिरी नाके जाळले गेले, आणि गावोगाव शिंदीची झाडं तोडली गेली. शिंदीचं झाड तोडणं म्हणजे निजामाच्या उत्पन्नावरच कुऱ्हाड घालणं होतं. ३० जानेवारी १९४८ ला आंदोलकांनी उमरी बँकेवर घातलेल्या धाडीची कथा नांदेड जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते. शिंदीच्या झाडांची कथा मात्र कोणी सांगत नाही, कारण तिथे ना पुतळा उभा राहिला, ना स्तंभ. वास्तविक आबकारीविरुद्धचा मराठवाड्याचा पहिला मोठा उठाव तोच. त्यात मद्यपानविरोधी नैतिक भूमिका होती आणि परक्या सत्तेची रसद तोडण्याचा डावही होता. या दोन्ही धारा एकत्र वाहत होत्या, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

उदगीर, निलंगा, औसा, लातूर या पट्ट्यात आर्य समाजाने या आंदोलनाला आणखी एक बळ दिलं. व्यसनमुक्ती हा आर्य समाजाच्या प्रचाराचा भागच होता. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात हुतात्मा झाले, पुढच्या वर्षी आर्य समाजाचा सत्याग्रह हैदराबाद संस्थानभर गाजला. लातूरचं दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झालं, त्याच्या नावातही हा वारसा आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० मध्ये पीपल्स कॉलेज उभं राहिलं, त्यामागची पिढी खादीची आणि गांधी-विचाराची होती. त्यामुळे दारूबंदी मुंबईच्या मंत्रालयातून मराठवाड्यावर लादली गेली हे म्हणणं अर्धंच खरं आहे. कायदा वरून आला. त्याच्या बाजूचं मत इथल्या शाळांत, वाचनालयांत आणि आर्य समाज मंदिरांत आधीच तयार होतं.

आता पुन्हा नकाशाकडे. मुंबई प्रांतात १९३९ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणण्याचा पहिला प्रयत्न केला होता. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्य पूर्ण कोरडं झालं. तेव्हा मोरारजी देसाई गृहमंत्री होते. सोलापूर जिल्हा मुंबई राज्यात, म्हणून बार्शी कोरडी. लातूर हैदराबाद राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथे सरसकट बंदी नव्हती. १९५० ते १९५९ या काळात दारूबंदीची वेस बार्शी आणि लातूरच्या मधून जात होती. एकाच अरुंद गाडीत बसून माणूस ओल्या मुलखातून कोरड्या मुलखात जायचा. त्या रेल्वेचं सरकारीकरण १९५४ मध्ये झालं, करोडगिरीचे जुने नाके याच दशकात गेले, पण दारूपुरती वेस तशीच राहिली. लातूरच्या जुन्या छोट्या स्टेशनाकडे एका गोंडस अरुंद गाडीचं शेवटचं ठिकाण म्हणून पाहिलं जातं. जवळजवळ नऊ वर्षं ते कोरड्या मुलखाच्या उंबरठ्यावरचं स्टेशन होतं, हेही त्या ओळखीत यायला हवं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. नांदेड-लातूरच्या लोकांना हा बदल केवळ भाषावार राज्याचा आनंद म्हणून आठवतो, पण सीमा आखताना तालुके आणि मंडळंसुद्धा कापली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल मंडळं, मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर मंडळं आंध्र प्रदेशात गेली. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके इकडे मुंबई राज्यात आले. आदिलाबादचा किनवट तालुकाही इकडे आला. काल एकाच जिल्ह्यात असलेली गावं आज दोन राज्यांत.

मग १९५९ आलं. त्या वर्षीच्या दुरुस्ती आणि विस्तार कायद्याने, म्हणजे मुंबईच्या १९५९ च्या बाराव्या कायद्याने, दारूबंदी राज्याच्या उरलेल्या सगळ्या भागांना लागू केली आणि मराठवाडा कोरडा झाला. आंध्र प्रदेशातला तेलंगणा ओलाच राहिला आणि म्हैसूर राज्यात गेलेला बीदरचा भागही. त्यामुळे वेस धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर, निलंगा यांच्या पूर्वेला येऊन ठेपली. शेकडो वर्षं एकाच बाजाराला जाणारी, एकमेकांत सोयरीक करणारी, मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच दमात बोलणारी गावं या वेशीने दुभंगली. देगलूरच्या माणसाचा पाहुणा मदनूरला, उदगीरच्या माणसाचा पाहुणा भालकीला. लग्नाला जाताना जे चालत होतं, ते परत येताना गुन्हा ठरू लागलं.

या उलथापालथीत कोणत्या इमारतींचं काम बदललं, ते पाहणं हा या आढाव्याचा गाभा आहे.

पहिली जागा रेल्वे स्टेशनांची. सिकंदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडला आली. निजामाबादहून निघालेली गाडी बासरला गोदावरी ओलांडते आणि मग धर्माबाद, उमरी, मुदखेड करत नांदेडला येते. १९५९ नंतर निजामाबाद आणि बासर ओल्या बाजूला, धर्माबाद कोरड्या बाजूला. दक्षिणेला परळी-विकाराबाद लाइनवर हीच गत उदगीरची. पलीकडे कमलनगर, भालकी, बीदर. अलीकडे उदगीर आणि लातूर रोड. धर्माबाद आणि उदगीरची स्टेशनं भव्य नाहीत, त्यांच्या छायाचित्रांची कॅलेंडरं निघत नाहीत. तरीही या जिल्ह्यांतल्या दारूबंदीच्या इतिहासात त्यांचं मोल गोलाई आणि नांदेडच्या गुरुद्वाराइतकंच आहे, आणि मी तर म्हणेन की थोडं अधिकच.

दुसरी जागा कोर्टाची आणि सरकारी दवाखान्याची. लोक १९५९ च्या कायद्याला केवळ विस्ताराचा कायदा समजतात. पण त्याच कायद्याने मूळ कायद्यात वैद्यकीय तपासणीची आणि रक्ततपासणीची तरतूद घातली. रक्तात शंभर मिलिलिटरला ०.०५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळलं, तर ती दारू औषधी किंवा इतर परवानगीच्या वस्तूतून आली हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येऊ लागली. तपासणीचे नियमही त्याच वर्षी झाले. म्हणजे मराठवाड्याला दारूबंदी मिळाली ती थेट सुई आणि बाटलीसकट. तालुक्याच्या डॉक्टरकडे रात्री-बेरात्री पोलीस माणूस घेऊन येऊ लागले. डोळे, चाल, बोलणं, तोंडाचा वास यांच्या नोंदी, रक्ताची सीलबंद कुपी, मग कोर्टात डॉक्टरची साक्ष. या प्रक्रियेवरून झालेल्या उखा कोल्हे यांच्या धुळे भागातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये निकाल दिला, आणि तो आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. मराठवाड्यातल्या तालुका कोर्टांत याच कलमांखाली किती फाइली तयार झाल्या असतील, याचा शोध कुणीतरी घ्यायला हवा. निजामाच्या काळात ज्या अदालतीत आबकारीचा महसूल बुडवल्याचे खटले चालत, तिथेच आता पिण्याचे खटले चालू लागले. सरकार तेव्हाही वादी होतं आणि आताही, फक्त त्याचा हेतू पार उलटा झाला होता.

तिसरी जागा बाजाराची, आणि इथे पुन्हा गोलाईकडे यावं लागतं. हातभट्टीला लागणारा माल बाजारातूनच येतो: काळा गूळ, नवसागर, मोह. कायद्याने मोहाच्या फुलांवर आणि साखर कारखान्याच्या मळीवर नियंत्रण आणलं. लातूर ही गुळाची मोठी पेठ. गोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कोणत्या रस्त्यावरचा गूळ जेवणात जातो आणि कोणत्या रस्त्यावरचा भट्टीत, हे दुकानदाराने ठरवावं अशी कायद्याची अपेक्षा होती. व्यापारी माणसाला ती अपेक्षा पेलणं अवघड होतं. माझ्या मते लातूरच्या बाजाराच्या इतिहासातलं हे सर्वांत न बोललेलं पान आहे, आणि अडत्यांच्या जुन्या वह्यांत त्याची काही अक्षरं नक्की सापडतील.

बाकीच्या वास्तूंचं थोडक्यात. नांदेडचं तख्त सचखंड श्री हजूर साहिब १८३२ ते १८३७ च्या दरम्यान महाराजा रणजितसिंहांनी बांधवलं. शीख आचारधर्मात नशा वर्ज्य असल्याने दारूबंदीच्या कायद्याने तिथल्या रीतीत काही नवं आणलं नाही. त्या वास्तूच्या दृष्टीने त्या काळातला मोठा बदल वेगळा होता, तो म्हणजे १९५६ चा नांदेड गुरुद्वारा कायदा. गोदाकाठच्या नंदगिरी किल्ल्याला शहराच्या पाणीपुरवठ्याने नवं काम दिलं. या विषयाशी त्याचा संबंध नावालाच. उस्मानशाही मिलचं मात्र तसं नाही. पगाराच्या दिवशी पैसे घरापर्यंत पोचावेत, हा दारूबंदीमागचा सर्वांत साधा आणि सर्वांत भक्कम युक्तिवाद होता, आणि नांदेडमध्ये तो सर्वांत थेट लागू पडत होता तो या गिरणीच्या कामगारांच्या घरांना. गिरणीचा इतिहास सूत, कापड आणि संप यांच्या अंगाने लिहिला गेला तरी तिच्या भोवतालच्या वस्त्यांतल्या बायकांचे ते दिवस त्यात यायला हवेत.

दारूबंदी फसली की साधली, या वादात दोन बाजू नेहमी एकमेकींच्या अंगावर धावून येतात. फसली म्हणणाऱ्यांच्या हाती मुंबईचे दाखले असतात: तस्करी, हप्ते, विषारी दारू. साधली म्हणणाऱ्यांच्या हाती गांधींची शिकवण आणि बायकांचे अनुभव असतात. मराठवाड्यासाठी दोन्ही बाजूंचे पुरावे उसने आहेत. इथली परिस्थिती वेगळी होती. इथे दारूबंदीच्या आधी पिढ्यान्पिढ्या सरकारच पाजत होतं आणि त्यावर राज्य चालवत होतं. गुत्तेदाराचं दुकान बंद झालं, ही गोष्ट गावच्या सत्तेच्या दृष्टीनेही मोठी होती, कारण गुत्तेदार बहुतेक वेळा सावकारही असे. दुसऱ्या बाजूला, बंदीचा दंडुका सगळ्यांच्या पाठीवर सारख्या जोराने पडला नाही. गुन्हेगार जमातींचा इंग्रजी कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांच्या मनातली यादी रद्द झाली नाही. मोह गाळणं ज्यांच्या घरात पूर्वीपासून होतं त्या तांड्यांवर आणि पालांवर धाडी आधी गेल्या. शहरातल्या वाड्यांवर त्या क्वचित पोचल्या. ज्याच्याकडे डॉक्टरच्या सहीचा परवाना होता, त्याचं पिणं प्रकृतीसाठी ठरलं. याचा राग मला आजही येतो, आणि तो इतिहासात नोंदवला जावा असं वाटतं.

बंदीची ढिलाईही मुंबईतूनच सुरू झाली. वसंतराव नाईक १९६३ च्या अखेरीस मुख्यमंत्री झाले आणि परवान्यांचे नियम पुढच्या काही वर्षांत सैल होत गेले. १९६८ मध्ये ताडी दुकानांचे आणि ताडाची झाडं छेदण्याचे नियम झाले. नांदेडच्या पूर्व पट्ट्यासाठी हा मोठा बदल होता, कारण ज्या झाडावर चढणं १९५९ ला गुन्हा झालं होतं, त्याच झाडावर परवाना घेऊन पुन्हा चढता येऊ लागलं. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. १९७२ च्या दुष्काळाने तिजोरी रिकामी झालेली होती, आणि महसुलाची निकड या बदलामागे होती हे नाकारण्यात अर्थ नाही. दारूबंदीचा कायदा रद्द झालाच नाही. त्याच कायद्याखाली परवाने दिले जाऊ लागले, आणि २०१२ मध्ये त्याच्या नावातल्या 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं. वर्धा, गडचिरोली आणि काही काळ चंद्रपूर सोडलं, तर बंदी कायद्याच्या नावापुरती उरली. मराठवाड्यात पुढे साखर कारखाने आणि त्यांच्या जोडीला मळीपासून अल्कोहोल काढणारे प्रकल्प आले. निजामाच्या आबकारीपासून सुरू झालेला महसुलाचा प्रवाह, मधल्या चौदा वर्षांचा खंड सोडला तर, पुन्हा जुन्याच पात्रातून वाहू लागला. गावागावांत आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दारूदुकान बंद करण्यासाठी, मतदान मागणाऱ्या बायका याच प्रवाहाच्या विरुद्ध उभ्या आहेत, आणि त्यांच्या लढ्याला मराठवाड्यात शिंदीच्या झाडांपासूनची परंपरा आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आजवर झालेलं काम म्हणजे जिल्हा गॅझेटिअरांतली काही पानं आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणींतले ओझरते उल्लेख. पुढचं काम कुठून सुरू करायचं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नांदेड आणि लातूर या मोठ्या शहरांपेक्षा बिलोली, देगलूर, धर्माबाद आणि उदगीर इथून. तिथल्या कोर्टांच्या आणि पोलीस ठाण्यांच्या जुन्या नोंदवह्या, ग्रामीण रुग्णालयांची तपासणी-रजिस्टरं, नगरपालिकांचे ठराव आणि उत्पादन शुल्क खात्याचं दप्तर, यांपैकी जे उरलं असेल ते आधी पाहायला हवं, कारण मुदत संपलेली कागदपत्रं नष्ट करण्याची पद्धत सगळ्याच कचेऱ्यांत आहे. निजामाच्या काळातलं आबकारी दप्तर उर्दूत आहे. ते वाचणारे लोक या जिल्ह्यांत अजून आहेत, पण त्यांचं वय झालं आहे. १९५९ साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज पंचाऐंशीच्या पुढे आहे. ताडावर चढणारे, स्टेशनवर हमाली करणारे, तालुक्याच्या कोर्टात बेलिफाची नोकरी केलेले, पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या बायका, यांच्या मुलाखती येत्या दोन-चार वर्षांत घेतल्या गेल्या पाहिजेत. नांदेडच्या विद्यापीठातला इतिहास विभाग आणि लातूर-उदगीरची महाविद्यालयं एकेका तालुक्याचं काम वाटून घेऊ शकतात.